चार बाजूंनी काय ठरते?

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त चौकोनाचे एक सोपे दिसणारे गणित आहे. खालची बाजू, म्हणजे भूमी, १४, वरची बाजू, म्हणजे मुख, ९, कडेच्या दोन भुजा १३ आणि १२, लंबही १२. पूर्वसूरींनी सांगितलेल्या रीतीने याचे क्षेत्रफळ काढा, असे भास्कराचार्य विचारतात. ती रीत अशी : चारही बाजूंची बेरीज ४८, तिचे निम्मे २४. या २४ मधून एकेक बाजू वजा केली की १०, १५, ११ आणि १२ उरतात. त्यांचा गुणाकार १९,८००. त्याचे वर्गमूळ १४१ पेक्षा किंचित कमी येते.

एवढे करून झाल्यावर भास्कराचार्यच सांगतात की हे उत्तर बरोबर नाही. भूमी आणि मुख यांच्या बेरजेचे निम्मे साडेअकरा, त्याला लंब १२ ने गुणले की १३८. या चौकोनाचे खरे क्षेत्रफळ एवढेच.

मग ते एका प्रश्नाकडे वळतात आणि त्यांची भाषा एकदम तिखट होते. लंब किंवा कर्ण यांपैकी एकही न सांगता, नुसत्या चार बाजू देऊन जो चौकोनाचे क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच्च समजावा, आणि जो त्याला उत्तर देतो तो त्याहून मोठा पिशाच्च, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे आहे. हा शेरा मुळात त्यांचा एकट्याचा नव्हे. दहाव्या शतकातल्या ‘महासिद्धांता’त दुसऱ्या आर्यभटांनीही कर्ण माहीत नसताना क्षेत्रफळ सांगू पाहणाऱ्या गणितज्ञाला मूर्ख किंवा पिशाच्च म्हटले आहे. गणिताच्या ग्रंथात एवढा राग सहसा दिसत नाही.

राग कशाचा, तेही भास्कराचार्य समजावून सांगतात. चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे आत दाबले तर त्यांना जोडणारा कर्ण आखडतो, उरलेले दोन कोपरे बाहेर सरकतात आणि त्यांचा कर्ण वाढतो. बाजू मात्र होत्या तेवढ्याच राहतात. बाजेची चौकट खिळखिळी झाली की ती अशीच कलते : चारही दांडे तेवढेच, पण आतली जागा बदललेली. त्रिकोणाचे असे होत नाही. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरला. चार बाजूंनी चौकोन ठरत नाही.

चौकोनांचे प्रकार पाडण्याचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो. बाजू, कोन, समांतरता, कर्ण, लंब यांतले काय हाती धरून चौकोनांची वाटणी करायची? ज्याला जे काम करायचे होते त्याने ते धरले, आणि दुसऱ्याची यादी त्याला चमत्कारिक वाटली.

भारतात चौकोनांना पहिली नावे मिळाली ती यज्ञाच्या मांडवात. शुल्बसूत्रे ही दोरी आणि खुंट्या घेऊन वेदी आखणाऱ्यांची हस्तपुस्तके. त्यांत समचतुरस्र आहे, दीर्घचतुरस्र म्हणजे आयत आहे. रथाच्या पुढच्या निमुळत्या भागाला प्रउग म्हणत. तसल्या त्रिकोणी आकाराची चिती, म्हणजे विटांची वेदी, ती प्रउगचिती, आणि असे दोन त्रिकोण पायाशी पाया लावून जोडले की उभयतःप्रउग, म्हणजेच आजचा समभुज चौकोन. या चिती शत्रुनाशाच्या इच्छेने रचत. सोमयागाची महावेदी मात्र वेगळ्या घाटाची : पश्चिमेला ३०, पूर्वेला २४ आणि मधली पूर्व-पश्चिम लांबी ३६. म्हणजे दोन बाजू समांतर आणि दोन कलत्या. आपस्तंबांनी हिचे क्षेत्रफळ ९७२ दिले आहे, आणि ते कसे आले तेही सांगितले आहे. एका कडेचा त्रिकोणी तुकडा कापायचा, उलटा करायचा आणि दुसऱ्या कडेला लावायचा. २७ बाय ३६ चा आयत तयार होतो. इथे प्रकारांची यादी करण्याचा हेतूच नाही. जे आकार जमिनीवर उतरवायचे, तेवढ्यांनाच नाव.

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात युक्लिडने ‘मूलतत्त्वे’ रचली, तिथे मात्र यादी आहे. पहिल्या भागातल्या तेवीस व्याख्यांपैकी बाविसावी चौकोनांची. बाजू समान आणि कोन काटकोन, तो चौरस. कोन काटकोन पण बाजू असमान, तो आयत. बाजू समान पण कोन काटकोन नाहीत, तो समभुज. समोरासमोरच्या बाजू आणि कोन समान, पण सगळ्या बाजू समान नाहीत आणि काटकोनही नाहीत, तो चौथा. बाकीचे सगळे चौकोन एकाच नावाखाली ढकललेले. या वाटणीत कोणीही दोन घरांत राहत नाही. युक्लिडच्या हिशेबी चौरस हा आयत नव्हे आणि समभुजही नव्हे.

गंमत पुढे आहे. व्याख्या दिल्यावर युक्लिड आयत, समभुज आणि त्या चौथ्या आकाराची नावे पुढच्या भूमितीत वापरतच नाही. त्याला सिद्धांतासाठी लागतो तो समांतरभुज चौकोन, आणि तो या यादीत नाहीच. चौतिसाव्या प्रमेयात तो अचानक अवतरतो. बहुधा ही यादी युक्लिडच्या आधीच्या पाठ्यपुस्तकांतून तशीच उचललेली असावी. पुढे पोसिडोनिअस या स्टोइक तत्त्ववेत्त्याने दुरुस्ती केली. त्याने आधी समांतरभुज आणि असमांतरभुज अशी मोठी वाटणी केली आणि मग पोटभेद पाडले : दोनच बाजू समांतर असलेले वेगळे, एकही जोडी समांतर नसलेले वेगळे. ही वाटणी पाचव्या शतकातल्या प्रोक्लसच्या टीकेमुळे आपल्यापर्यंत पोहोचली. आजच्या शाळेतली वाटणी तिच्या पुष्कळ जवळ आहे.

आता राजस्थानातल्या भिल्लमाळ, म्हणजे आजच्या भीनमाळकडे. इ. स. ६२८ मध्ये तिशीतल्या ब्रह्मगुप्तांनी ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ पुरा केला. ग्रंथ ज्योतिषाचा, पण त्याचा बारावा अध्याय गणिताचा. भास्कराचार्यांनी ज्या रीतीवर हल्ला चढवला तिचा उगम इथे आहे. ब्रह्मगुप्त दोन रीती देतात. स्थूल रीत म्हणजे समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणायचे. प्राचीन इजिप्तमधल्या एडफूच्या देवळावर कोरलेल्या जमीनदानाच्या लेखांतही शेतांची मोजणी अशीच केली आहे. लीलावतीतल्या त्या चौकोनाला ही रीत लावली तर १४३ पूर्णांक ३/४ येतात. सूक्ष्म रीत म्हणजे आपण वर केलेली वर्गमुळाची. तर एकाच शेताची तीन उत्तरे : १४३ पूर्णांक ३/४, १४१ ला थोडे कमी, आणि १३८.

ब्रह्मगुप्त आणि नवव्या शतकातले त्यांचे भाष्यकार पृथूदकस्वामी यांच्याकडे चौकोनांचे पाच प्रकार दिसतात : सम, आयत, द्विसम, त्रिसम आणि विषम. चारही बाजू समान; समोरासमोरच्या समान; दोन समान; तीन समान; एकही समान नाही. यादी वरवर पाहता अपुरी वाटते. शुल्बसूत्रांत असलेला समभुज चौकोन यात कुठे आहे? कलता समांतरभुज कुठे आहे? आणि तीन बाजू समान असलेल्या चौकोनाला स्वतंत्र घर कशासाठी?

यादीच्या मागे एक वर्तुळ आहे, आणि ते दिसले की तिन्ही प्रश्न सुटतात. ज्याचे चारही शिरोबिंदू एका वर्तुळावर आहेत अशा चौकोनात समोरासमोरच्या कोनांची बेरीज दोन काटकोन असते. समांतरभुज चौकोनात ते कोन समान असतात. म्हणून वर्तुळात बसवलेला समांतरभुज हा आयतच होतो आणि समभुज हा चौरसच होतो. कलत्या आकारांना वर्तुळात जागा नाही, म्हणून यादीतही नाही. वर्तुळातल्या चौकोनाचे दुसरे वैशिष्ट्य असे की बाजूंची मापे कळली की त्याचे क्षेत्रफळ पक्के ठरते. तिथे चौकट कलत नाही. मग प्रकार पाडायला बाजूंची समानता एवढा एकच निकष पुरतो. ग्रहांची स्थिती काढणाऱ्याला ज्या, म्हणजे वर्तुळाच्या जीवा, आणि चाप, म्हणजे कंस, यांच्याशी रोज काम. त्याच्या डोळ्यांपुढचा चौकोन वर्तुळातलाच असणार. टॉलेमीनेही दुसऱ्या शतकात वर्तुळातल्या चौकोनाचा सिद्धांत जीवांचे कोष्टक तयार करण्यासाठीच वापरला होता.

ब्रह्मगुप्तांच्या क्षेत्रफळाच्या सूत्रात वर्तुळाचा उल्लेख नाही, हे खरे. पण त्याच अध्यायात ते चौकोनाची हृदयरज्जू, म्हणजे त्याच्या भोवतीच्या वर्तुळाची त्रिज्या काढायला शिकवतात. वर्तुळ नसेल तर त्रिज्या कसली?

त्यांच्या विषम चौकोनाची कृती तर हाताने करून पाहावी अशी आहे. दोन काटकोन त्रिकोण घ्या : ३, ४, ५ आणि ५, १२, १३. पहिल्याच्या ३ आणि ४ या भुजांना दुसऱ्याच्या कर्णाने, १३ ने गुणा : ३९ आणि ५२. दुसऱ्याच्या ५ आणि १२ ला पहिल्याच्या कर्णाने, ५ ने गुणा : २५ आणि ६०. सर्वांत मोठी बाजू ६० ही भूमी, सर्वांत लहान २५ हे मुख, उरलेल्या दोन कडेच्या भुजा. झाला विषम चौकोन. त्याचे कर्ण ५६ आणि ६३, एकमेकांना काटकोनात छेदणारे. हृदयरज्जूसाठी समोरासमोरच्या बाजूंचे वर्ग मिळवा : २५ चा वर्ग ६२५, ६० चा ३६००, बेरीज ४२२५, वर्गमूळ ६५. दुसऱ्या जोडीने पडताळा : १५२१ आणि २७०४, बेरीज पुन्हा ४२२५. वर्तुळाचा व्यास ६५, त्रिज्या त्याच्या निम्मी. आणि क्षेत्रफळ? बाजूंच्या बेरजेचे निम्मे ८८. वजाबाक्या २८, ४९, ३६, ६३. त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ बरोबर १७६४. त्रिज्या सोडली तर कुठेही अपूर्णांक नाही, कुठेही करणी नाही. अशा माणसाला चौकोन कळत नव्हता असे म्हणवत नाही.

इ. स. ८५० च्या सुमारास राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य या जैन गणितीने ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यातही पाचच प्रकार आहेत. आयताला तिथे द्विद्विसम म्हटले आहे, म्हणजे समान बाजूंच्या दोन जोड्या असलेला. परंपरा पुढे चालली, पण यादीमागचे वर्तुळ हळूहळू नजरेआड झाले.

सन ११५० मध्ये ‘लीलावती’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांच्या हाती सूत्र आले ते असे, वर्तुळावाचून. त्यांनी ते सरसकट सगळ्या चौकोनांना लावून पाहिले आणि ते चुकते हे त्यांच्या लक्षात आले. म्हणून ते त्याला चौकोनासाठी अस्फुट आणि त्रिकोणासाठी स्पष्ट म्हणतात. हे निरीक्षण अचूक आहे : प्रत्येक त्रिकोणाभोवती वर्तुळ काढता येते, प्रत्येक चौकोनाभोवती नाही. कारण मात्र त्यांच्या हाती लागले नाही.

त्याऐवजी त्यांनी वाटणीचा पायाच बदलला. चारही बाजू २५ असलेला चौकोन ते घेतात आणि एक कर्ण ३० धरतात. दुसरा ४० येतो आणि क्षेत्रफळ, कर्णांच्या गुणाकाराचे निम्मे, ६००. मग पहिला कर्ण १४ धरतात. दुसरा ४८, क्षेत्रफळ ३३६. मग दोन्ही कर्ण समान धरतात, क्षेत्रफळ ६२५. बाजू त्याच, आकार तीन, फळे तीन. जुन्या सूत्राने तिन्ही वेळा ६२५ च आले असते, कारण दिलेल्या चार बाजूंच्या सगळ्या चौकोनांत वर्तुळात बसणाऱ्याचे क्षेत्रफळ सर्वांत जास्त असते आणि ते सूत्र नेहमी तेवढेच सांगते.

या उदाहरणात एक मोठी गोष्ट घडली आहे. समभुज चौकोन यादीत परत आला. शिवाय चौरस हा त्या समभुजांतलाच एक, कर्ण समान असलेला, असा मांडला गेला. युक्लिडसारखी दोघांत भिंत घातलेली नाही. त्यानंतर आयत येतो, आणि मग समानलंब चतुर्भुज, म्हणजे वरून-खालून समांतर असलेला, आपला समलंब चौकोन. बाजूंची समानता मोजण्यापेक्षा कर्ण आणि लंब विचारणे हा भास्कराचार्यांचा मार्ग. शेत मोजणाऱ्याला तोच उपयोगी. शेताच्या चार बांधांनी वर्तुळ पाहिलेले नसते.

विषम चौकोनाच्या त्या २५, ३९, ५२, ६० च्या उदाहरणाशीही भास्कराचार्य खेळतात. शेजारच्या दोन बाजूंची अदलाबदल केली तर एक कर्ण बदलून ६५ होतो, म्हणजे मूळ दोन त्रिकोणांच्या कर्णांचा, ५ आणि १३ चा गुणाकार, असे ते दाखवतात. वर्तुळ त्यांच्या अगदी दाराशी आले होते. १३५६ च्या ‘गणितकौमुदी’त नारायण पंडितांनी या तिसऱ्या कर्णाला मान दिला : तिन्ही कर्णांचा गुणाकार करून वर्तुळाच्या व्यासाच्या दुपटीने भागा, क्षेत्रफळ मिळते. ५६, ६३ आणि ६५ यांच्या गुणाकाराला १३० ने भागले की पुन्हा १७६४.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन खानदेशात त्यांच्या घराण्यानेच चालू ठेवले. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता, त्याने या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सामंताने १२०७ मध्ये त्या मठाला दान दिले. त्या दानाचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांपुढे आणला. लेख संस्कृतात असला तरी शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. ‘लीलावती’ पुढे फार दूर गेली. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये तिचे फारसी भाषांतर केले.

सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर या एकाच पुस्तकावर दोन ठिकाणी काम चालू होते. कोकणात मुरूडजवळच्या नांदगावात ‘ग्रहलाघव’कार गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि नियमांच्या उपपत्ती दिल्या. पुण्याच्या आनंदाश्रमाने ती १९३७ मध्ये छापली. खाली केरळात शंकर वारियर ‘क्रियाक्रमकरी’ ही लीलावतीचीच टीका रचत होते. तिथे आणि त्याआधीच्या, १५३० च्या सुमारास मल्याळममध्ये लिहिलेल्या ज्येष्ठदेवांच्या ‘युक्तिभाषे’त ब्रह्मगुप्तांच्या सूत्राची सिद्धता आहे, वर्तुळ गृहीत धरून. चौकोनाच्या चार बाजू म्हणजे वर्तुळाच्या चार ज्या. त्यांची जागा बदलली तरी वर्तुळ तेच आणि क्षेत्रफळ तेच. म्हणजे भिल्लमाळला जे न बोलता गृहीत होते ते नऊ शतकांनी केरळात शब्दांत आले, तेही ज्या पुस्तकाने ब्रह्मगुप्तांवर टीका केली त्याच पुस्तकाच्या टीकेत. भारतीय गणिताच्या इतिहासातला हा प्रसंग लेखणी थांबवून पाहावा असा आहे. गुरूच्या चुकीवर पांघरूण घालण्यासाठी टीका लिहिली जात नसे, तर त्याने अर्धवट सोडलेले पूर्ण करण्यासाठी.

युरोपात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने उलगडली. हेन्री कोलब्रूक यांनी १८१७ मध्ये ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्या गणिताचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. ते वाचून मिशेल शाल या फ्रेंच भूमितिज्ञाने १८३७ मध्ये दाखवले की ब्रह्मगुप्तांचे चौकोनावरचे नियम सुटे नाहीत. ते वर्तुळातल्या चौकोनाचा एकसंध सिद्धांत आहेत. तसे वाचले की पाच प्रकारांची यादीही सरळ होते. शाल यांना केरळची हस्तलिखिते ठाऊक नव्हती.

शालेय भूमितीत आज या सगळ्या वाटण्या शेजारी शेजारी नांदतात. बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकात चौकोन काढायला पाच मापे लागतात हे आधी शिकवले जाते. चार बाजू आणि एक कर्ण, किंवा तीन बाजू आणि दोन कर्ण, अशा रचना विद्यार्थी कंपास घेऊन करतात, आणि मगच प्रकारांकडे वळतात. वर्तुळातला चौकोन, चक्रीय चौकोन या नावाने, दहावीला वर्तुळाच्या प्रकरणात भेटतो. प्रत्येक चौरस हा आयतही असतो आणि समभुजही, हे आता सगळीकडे मान्य आहे. त्याचा फायदा उघड आहे. आयताचे कर्ण समान असतात हे एकदा सिद्ध केले की चौरसासाठी वेगळे कष्ट नाहीत.

समलंबाबाबत मात्र जुनी भिंत शाबूत आहे. ज्याच्या समोरासमोरच्या बाजूंची एकच जोडी समांतर, तो समलंब, अशी व्याख्या मराठी मुले शिकतात. म्हणजे समांतरभुज चौकोन समलंब नाही. काही देशांच्या पुस्तकांत ‘किमान एक जोडी’ असे शब्द असतात आणि तिथे तो समलंब ठरतो. दोन्ही व्याख्या चालतात, पण दुसरी अधिक पटते. भूमी आणि मुख यांच्या बेरजेचे निम्मे करून लंबाने गुणायचे हा लीलावतीतला नियम समांतरभुजालाही जसाच्या तसा लागू पडतो : तिथे भूमी आणि मुख समान, म्हणून निम्मी बेरीज भूमीएवढीच येते आणि उरतो पाया गुणिले उंची. चौरसाला आयतांत घेतले त्याच कारणाने समांतरभुजालाही समलंबांत घेता येईल.